बटण तिथेच होतं

नाही, नाही, दादा, ‘अडाणी’ हा शब्द मी वापरलेलाच नाही. तो तिनं घातला माझ्या तोंडी. मी एवढंच म्हणालो की तुला फोन वापरता येत नाही — आता ह्यात अडाणी कुठं आलं? मला पोहता येत नाही, म्हणून मी अडाणी झालो का? पण तुमच्या बहिणीला सुतावरून स्वर्ग गाठायची सवय, लहानपणापासूनच असेल, तुम्हाला ठाऊक — आणि तेवढ्यावरून बॅग भरायची, भावाच्या दुकानावरच्या खोलीत येऊन बसायचं, नवऱ्याचा फोन उचलायचा नाही, हे कुठल्या शहाणपणात बसतं ते तुम्हीच सांगा. सांगू नका, राहू द्या. तुम्ही तुमचं काम करा. काच कापताना बोललेलं चालतं ना? नाहीतर तुमचा हात हलायचा आणि त्या बिचाऱ्या जोडप्याच्या फोटोवरची काच माझ्या नावानं फुटायची. खुर्ची नको, उभाच बरा आहे. चहाही नको — म्हणजे तुम्ही विचारलेला नाहीत, पण विचाराल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी आलोय ते दोन शब्द बोलायला. आणि जरा मोठ्यानंच बोलतो, चालेल ना? वरच्या मजल्यावर पण जरा ऐकू जाऊ दे. लाकडी जमीन आहे, जातंच ऐकू. आत्ताच पावलं वाजली, ऐकलीत? जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहिली असणार. राहू दे. ऐकू दे.

कसं आहे, दादा, मुळात तुम्हाला कोणालाच मी काय काम करतो ते कळलेलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता, आमचे मेहुणे कॉम्प्युटरचं काहीतरी करतात. काहीतरी! मी तुमच्याबद्दल सांगतो का, ते लाकडाचं काहीतरी करतात म्हणून? मी साइट तपासतो. तपासणाऱ्यांचा मुख्य आहे मी. आमच्या ऑफिसात कोणी काहीही बनवू दे, माझा होकार आल्याशिवाय एक ठिपकासुद्धा बाहेर जात नाही. आता तपासतो म्हणजे काय? तुमच्या भाषेत सांगतो. तुम्ही एक चित्र घेता, त्याला एक चौकट करता, एक काच बसवता, एका भिंतीवर टांगता — सुटलात. माझं चित्र एकच, पण ते दहा हजार भिंतींवर एकाच वेळी टांगायचं असतं, आणि प्रत्येक भिंत वेगळी. कोणाची स्क्रीन हाताच्या पंजाएवढी, कोणाची दारापेक्षा रुंद. कोणी ह्या कंपनीचा ब्राउझर वापरतो, कोणी त्या कंपनीचा — ब्राउझर म्हणजे खिडकी समजा, ज्यातून साइट बघतात ती — आणि प्रत्येक खिडकीची काच वेगळी. एकीतून सरळ दिसतं, दुसरीतून तेच तिरकं, तिसरीत अर्धं गायब. हे सगळं एकसारखं दिसलं पाहिजे, ही जबाबदारी कोणाची? माझी. आणि ती मी कोणाला घेऊन पार पाडायची? गाढवांना घेऊन.

हो, गाढवं. सभ्य माणसासमोर बोलू नये, पण तुम्ही घरचेच. आमच्याकडे एक कोड लिहिणारा आहे, त्याला आम्ही घोडा म्हणतो. दिवसभर कानात बोळे घालून गाणी ऐकतो आणि बोटं आपटतो. त्याला सांगायला जावं, बाबा रे, अरुंद स्क्रीनवर तुझा मेनू फोटोच्या मागे लपतोय. तो कानातला एक बोळा काढणार, एकच, दुसरा काढायची तसदी नाही घेणार, आणि म्हणणार — माझ्याकडे तर चालतंय. झालं! माझ्याकडे तर चालतंय! जसं काही जग ह्याच्या टेबलावर येऊन साइट बघणार आहे. मी त्याला म्हणतो, मग तुझा कॉम्प्युटरच विकू या का गिऱ्हाइकाला, तुझ्यासकट? त्याला टोमणाही कळत नाही. बोळा परत कानात. दुसरी ती चित्रं काढणारी, राणीसाहेब. ती काढते जेवायच्या टेबलाएवढ्या स्क्रीनवर, आणि अक्षरं कसली, तर पांढऱ्यावर फिकट करडी. म्हटलं, हे वाचणार कोण? म्हणाली, वाचायचं नसतं हो ते, ते जाणवायचं असतं. जाणवायचं! तुमच्या दुकानाच्या पाटीवर असं जाणवणारं काही लिहिलंत तर एक गिऱ्हाईक आत येईल का? आणि ह्या सगळ्यांच्या वरताण म्हणजे वापरणारे. लोक. जनता. त्यांच्याबद्दल तर बोलूच नये. फोनची काच फुटलेली, त्यावर बोटांचा चिकटा, कधीकाळी घेतलेला फोन, नवं काही त्यात घालायचं नाही, आणि मग बोंब ठोकायची की साइट चालत नाही. अरे, साइट चालते. तू चालत नाहीस.

हसताय का? नाही, मला वाटलं हसलात. खोकलात. बरं.

आणि तपासायचं म्हणजे नुसतं बघायचं नसतं, वापरावं लागतं. अर्ज असेल तर अर्ज भरावा लागतो, प्रत्येक खिडकीतून, प्रत्येक मापाच्या स्क्रीनवर. त्याला खोटी नावं लागतात. आमचे लोक नट-नट्यांची नावं घालतात, नाहीतर नुसतंच अबकड. मी तसलं करत नाही. मी आपलं एकच नाव घालतो — तुमच्या बहिणीचं. तोंडात बसलंय, बोटांत बसलंय, शिक्षण, जन्मतारीख, सगळं पाठ. पटापट होतं. म्हणजे गंमत बघा, दादा, तुमच्या बहिणीनं आजवर बँकेत अर्ज केलाय, विमा कंपनीत केलाय, एका बोटीवर स्वयंपाकघराची मुख्य म्हणून केलाय, पोलिसांत शिपाई म्हणून केलाय — सगळे अर्ज व्यवस्थित पोहोचले, ‘आपला अर्ज मिळाला, धन्यवाद’ असं हिरव्या अक्षरांत यायचं. एकही अडकला नाही कधी. मी घरी जाऊन तिला सांगायचोही कधी कधी, आज तू अमुक झालीस, तमुक झालीस. आधी हसायची. मग कधीतरी हसायची बंद झाली, का कोण जाणे.

तर ते वाचनालय. परगावचं मोठं वाचनालय, त्याची साइट आमच्याकडे आली. वाचनालय म्हणजे तुम्हाला सांगतो, भाकरीपेक्षा चटणीच जास्त मागणारे लोक. त्यांच्या अध्यक्षबाईंना पानाच्या तळाला एक पट्टी हवी होती, कायम चिकटलेली — वाचनालयाच्या वेळा, पत्ता आणि त्यांचं ते घुबडाचं चिन्ह. पान वर न्या, खाली न्या, घुबड आपलं तळाशी बसलेलं. म्हटलं, बाई, घुबड कशाला? म्हणाल्या, आमची ओळख आहे ती. ठीक आहे. ज्याचं घुबड त्याला प्यारं. घोड्यानं पट्टी बसवली, आम्ही तपासली. सगळ्या ब्राउझरांत बघितली. रुंद स्क्रीनवर बघितली, मध्यम बघितली, अरुंद बघितली. कशी? आता फोन कुठं कुठं घेऊन बसणार — मोठ्या कॉम्प्युटरवरच खिडकी ओढून ओढून अरुंद करायची, फोनएवढी झाली की झाला फोन. सगळे असंच करतात. सगळीकडे हिरवं, म्हणजे पास. मी होकार दिला. साइट गेली.

आता मध्ये एक गोष्ट झाली होती, ती तशी किरकोळ, पण तुम्हाला दुसरीकडून उलटसुलट कळायची, म्हणून मीच सांगतो. आमच्याकडे तपासायला एक बाई आहे. आधी शाळेत शिकवायची, नोकरी सुटली म्हणून ह्या धंद्यात आली, आम्ही तिला मास्तरीणबाई म्हणतो. खडू गेला, पण चुका काढायची खोड गेली नाही. ती म्हणाली, फोनमध्ये अक्षरं मोठी केली की ती घुबडाची पट्टी फुगते आणि ‘अर्ज पाठवा’ हे बटण तिच्याखाली जातं. पान तिथंच संपतं, त्यामुळे वर ओढूनही येत नाही. मी म्हटलं, अक्षरं मोठी कोण करतं? म्हणाली, चाळिशी उलटलेलं निम्मं जग करतं. म्हटलं, बाई, वाचनालयाला नोकरीला माणूस हवंय, ज्याला दिसत नाही त्यानं पुस्तकांत कशाला काम करावं? सगळे हसले. म्हटलं, बटण आहे ना तिथं? आहे. मग झालं. देव दिसतो का? तरी लोक हात जोडतातच ना! आणि मी तिच्या तक्रारीपुढं शेरा मारला — ‘वापरणाऱ्याची चूक, सोडून द्या.’ हा आमच्याकडचा रोजचा शेरा आहे, दादा, त्यात विशेष काही नाही. दिवसातून चारदा मारतो मी. मारावा लागतो. प्रत्येकाच्या म्हातारीसाठी थांबलो तर एक साइट बाहेर पडणार नाही.

तुमच्या बहिणीच्या फोनमध्ये अक्षरं मोठी आहेत हे मला माहीत नव्हतं का? होतं की. घरात समोर बसून बोटानं ढकलत असते, एका ओळीत तीन शब्द. मी म्हणतोसुद्धा, अगं, ही काय पाटी आहे का रस्त्यावरची? समोरच्या घरातल्यांनाही तुझे निरोप वाचता येतील. चष्मा लाव म्हटलं की म्हणते, लावलाय. पण त्याचा इथं संबंध काय? तेव्हा मला काय स्वप्न पडलं होतं का, की ही बाई त्याच वाचनालयात अर्ज करणार आहे? तिनं मला सांगितलं होतं का? एका शब्दानं नाही. लहान मुलांच्या विभागाला ग्रंथपाल हवी, राहायला वाचनालयाच्या आवारातच दोन खोल्या. तिनं स्वतःच शोधलं, स्वतःच कागद जमवले, ती जुनी पदवी कुठल्या ट्रंकेतून बाहेर काढली कोणास ठाऊक — आणि मला कळलं कधी, तर मुदतीच्या शेवटच्या दिवशी, दुपारी, ऑफिसात, जेव्हा बटण सापडेना.

तो फोन. त्या फोनचंच सगळं भांडवल केलंय ना तिनं? तुम्हाला काय सांगितलं? नाही, सांगितलं असेलच, तुम्ही मघापासून वर मान करत नाही आहात. ऐका, खरं काय झालं ते. आम्ही पाच-सहा जण टेबलाभोवती बसलो होतो, दुसरंच काम चाललं होतं. हिचा फोन. म्हणते, अरे, तुमच्या त्या वाचनालयाच्या साइटवर शेवटचं बटणच नाहीये. मी म्हटलं, आहे. म्हणते, नाहीये, मी कधीची शोधतेय. मी समोर पान उघडलं — माझ्या कॉम्प्युटरवर लखलखीत बटण. म्हटलं, माझ्याकडे तर चालतंय. म्हणते, माझ्याकडे घुबड दिसतंय नुसतं. आता हे ऐकल्यावर, दादा, तुम्हीसुद्धा हसला असतात! मला वाटलं, ह्या लोकांनाही ऐकू दे, वापरणारा म्हणजे काय चीज असते ती कानांनी ऐकू दे. शिक्षणाचाच भाग आहे तो. म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. आणि म्हटलं, हां, आता सांग बरं, घुबड काय म्हणतंय? ती सांगत होती, घुबडाखाली वेळा आहेत, वेळांखाली पत्ता आहे — आणि घोड्यानं, ज्या घोड्यानं कधी कानातले दोन्ही बोळे काढले नाहीत, त्यानं दोन्ही काढले आणि टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. राणीसाहेब पदर — म्हणजे ओढणी तोंडाला लावून. नुसती ती मास्तरीणबाई हसली नाही, कारण ती कधीच हसत नाही. ती उलट मोठ्यानं विचारते, ह्यांच्या फोनमध्ये अक्षरं मोठी आहेत का? मी तिला हातानंच गप्प केलं. आणि फोनमधून आवाज यायचा बंद झाला. मला काय ठाऊक, हसणं तिकडं ऐकू जाईल म्हणून! मग म्हणाली — अगदी हळू, सगळ्यांना कळलं की आता हिला कळलंय — म्हणाली, तूच पाठव ना तिथून. तुझ्यासमोर पान उघडंच आहे. माझं सगळं तुला पाठ आहे.

नाही पाठवला. का? अहो, तत्त्व म्हणून काही असतं की नाही? आज बायकोचा पाठवला, उद्या घोड्याच्या मावशीचा, परवा साहेबांच्या साडूचा. आणि लोकांसमोर? मी तपासणाऱ्यांचा मुख्य, मी आत्ताच सांगितलं की साइट चालते, आणि लगेच मीच भरून द्यायचा — म्हणजे चालत नाही असंच कबूल केल्यासारखं झालं ना? दोन मिनिटांचं काम होतं, मी कुठं नाही म्हणतोय. मी म्हटलं, फोन बंद करून चालू कर, नीट वाचायला शीक, आणि ठेवला. आणि खरं सांगू का, दादा? तुम्ही पुरुष आहात, तुम्हाला कळेल. गेला नाही ते एका परीनं बरंच झालं, असं मला त्याच क्षणी वाटलं. परगावी जाऊन राहणार, दोन खोल्यांत, एकटी, ह्या वयात, दुसऱ्यांच्या पोरांना गोष्टी वाचून दाखवायला! आणि इकडं घर? मी काय करायचं? गेले चार दिवस कसे काढलेत माझं मला माहीत. ते कपडे धुवायचं मशीन — त्याच्यावर किती बटणं आहेत, कधी बघितलंत? आणि एकावरही धड लिहिलेलं नाही. नुसती चित्रं. एक थेंब, एक भोवरा, एक फूल. फूल म्हणजे काय? मी थेंब दाबला, ते हललं नाही. भोवरा दाबला, शिट्टी मारायला लागलं. शेवटी मी कंपनीला फोन लावला, तर तिथला टोणगा मला म्हणतो, साहेब, दार नीट लागलं नसेल, तुमचीच चूक असेल. माझी चूक! मी म्हटलं, मूर्खांनो, ज्याला वापरायचंय त्याचा विचार करून वस्तू बनवायची असते, एवढं साधं कळत नाही तुम्हाला? ठेवला फोन. हा शर्ट बघताय ना? हाच, त्या दिवशीचा.

असो. मुद्द्यावर येतो. मी तिला न्यायला आलोय, हे तर आहेच. म्हणजे न्यायला आलोयच. पण त्याआधी एक छोटंसं काम आहे. झालं असं की तुमच्या बहिणीनं इथं येऊन गप्प बसायचं, तर ते नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत बसून ती सरळ त्या वाचनालयात गेली आणि अध्यक्षबाईंच्या टेबलावर फोन ठेवला. हे बघा, म्हणाली, ह्यात बटण दाखवा मला. आता त्या अध्यक्षबाईंना स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्या काय बटण शोधणार! त्यांनी आमच्या मोठ्या साहेबांना फोन केला. आरडाओरडा केला म्हणे. घुबडाच्या मालकीणबाईच त्या, ओरडणारच. साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता घोड्याला धुणार. पण साहेब कसे, अगदी शांत. मला म्हणाले, घरचंच माणूस आहे ना? मग तुम्हीच घरी मिटवा. चार दिवस सुट्टी घ्या. ऑफिसचं आम्ही बघतो. इतकी वर्षं मी सुट्टी मागून मागून थकलो, आणि परवा स्वतःहून दिली, वर मला दारापर्यंत सोडायला आले. माणसाला किंमत असते, दादा, ती अशा वेळी कळते. आता माझं एवढंच म्हणणं आहे — तिनं एक फोन करायचा. वाचनालयाला. ‘माझ्याच फोनमध्ये बिघाड होता, साइटचा दोष नाही’, एवढंच वाक्य. खलास. तिचं काय जातंय? अर्ज तर तसाही गेलेला नाही, मुदत संपली, नोकरी तिला मिळायची नाहीच. मग निदान माझी तरी राहू दे की!

म्हणजे, जाईल अशातला भाग नाही. माझी कोण काढणार? बोलण्याच्या ओघात आलं.

आणि मी काही रिकाम्या हातानं आलेलो नाही. हा बघा. नवाकोरा, खोकंसुद्धा फोडलेलं नाही. स्क्रीन बघा केवढी आहे, तुमच्या त्या छोट्या चौकटीएवढी. तिच्यासाठीच घेतला. दाखवा तिला, म्हणावं नवऱ्यानं आणलाय. फक्त एक अट — ह्यात अक्षरं मोठी करायची नाहीत. करायचं काय कारण? चष्म्याचा नंबर वाढवून घ्यावा. ठेवू इथं? काचेवर नको? बरं, हातातच धरतो. बोलवा ना आता तिला खाली. कधीची फेऱ्या मारतेय वर, बघा ना, माती पडतेय फळ्यांतून माझ्या डोक्यावर. अगं, ऐकलंस ना सगळं? ये खाली!

काय म्हणालात? ती नाहीये? म्हणजे काय, नाहीये? मग वर कोण चालतंय? वहिनी. वहिनी चालतायत. आणि तुम्ही हे मला आत्ता सांगताय? एवढा वेळ मी इथं घसा फोडून कोणाला ऐकवतोय, वहिनींना? तुम्ही बोलू दिलंत! कुठं गेलीय? मुलाखतीला. कसल्या मुलाखतीला? त्याच? काहीतरी बोलू नका, दादा. अर्जच गेला नाही तर मुलाखत कसली? परवा भरला? तिच्याच फोनवरून? शक्यच नाही. तांत्रिक गोष्ट आहे ही, तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून खरं मानू नका. बटण येतच नाही तिच्या फोनवर, मी सांगतो ना. म्हणजे, फोनच्या दोषामुळे येत नाही. द्या, तुमचा फोन द्या इकडं, दाखवतोच. तुमच्यातही अक्षरं मोठीच — काय भाऊबहीण आहात, घराणंच मोठ्या अक्षरांचं! चांगलं झालं, ह्याच्यावरच दाखवतो. हे बघा, ही साइट. हे नोकरीचं पान. हा अर्ज. नाव घालतो, बोटांना सवयच आहे. आता खाली येतो, आता बघा, घुबड येईल आणि बटण —

आलं. बघा! बटण आलं! मोठ्या अक्षरांतसुद्धा आलं! काय सांगत होतो मी? साइटमध्ये काही दोष नाही, हा पुरावा! मोठ्ठं बटण, घुबडाच्या वर, ठसठशीत, आंधळ्यालाही दिसेल. आता तुम्हीच साक्षीदार आहात, दादा, तुम्हीच सांगा त्या अध्यक्षबाईंना, तुम्हीच सांगा आमच्या साहेबांना —

थांबा जरा.

हे असं दिसायला नको. म्हणजे दिसायला हवं, पण — तुम्हाला नाही कळणार. घुबड बारीक झालंय. पट्टी चिकटलेली नाहीये आता, पानाबरोबर सरकतेय. हे कोणीतरी बदललंय. आणि हे काय वर लिहिलंय, ‘अर्जाची मुदत वाढवली आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ क्षमस्व! कोणी मागितली क्षमा? कोणाला विचारून? अहो, माझ्या होकाराशिवाय एक ठिपका बाहेर जात नाही. एक ठिपका! मी तर सुट्टीवर आहे. मग होकार दिला कोणी? घोडा देऊ शकत नाही. राणीसाहेबांना तर कुठं द्यायचा तेही माहीत नाही. राहिली ती —

मास्तरीणबाई.

माझ्या खुर्चीवर बसून?

साहेब दारापर्यंत आले होते हो मला सोडायला.

तुम्हाला माहीत होतं. नाही, नाही, मान हलवू नका, तुम्हाला सगळं माहीत होतं. परवाच तिनं इथं बसून अर्ज भरला असणार, ह्याच टेबलावर, आणि तुम्ही दोघांनी हिरवी अक्षरं बघितली असणार. कधी येणार ती? की येणारच नाही, तिकडंच राहणार? बोला की! एरवी गिऱ्हाइकाशी तासन्‌तास बोलता. हा तुमचा फोन. हा घ्या. आणि हा माझा — नाही, हा देत नाही. दुकानात परत करतो. काय बघताय असं? काही झालेलं नाही मला. माझ्या शर्टाकडं काय बघताय? कापा. कापा तुम्ही तुमची काच.